येळवसची भज्जी, माळेगावचं तट्टू आणि हरभऱ्यावर पसरलेली नवी बेडशीट

थंडी पडली की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. पावसाळ्यात पीकविमा आन सोयाबीनचा भाव, उन्हाळ्यात टँकर आन लग्नं, पण एकदा का तिकडं परभणीत पारा सहा-सात अंशावर उतरला आणि इकडं तुरी वाळायला लागल्या की मग माणसाला भांडायला, खेळायला, शेकत बसायला जरा सवड होते आणि घराघरातल्या गमती पत्रात उतरतात. ह्या अंकात तसलीच पत्रं घेतली आहेत. नावं कुणाचीच छापली नाहीत, कारण निम्म्या पत्रात सासू आहे आणि सासूबाईसुद्धा हे सदर वाचतात हे मला पक्कं माहितीय.

प्रश्न : ताई नमस्कार. माझं माहेर जालना जिल्ह्यातलं आणि सासर औसा तालुक्यात, लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. आमच्या माहेरी येळवस (मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण) नसते त्यामुळं मला काहीच माहिती नाही, आणि इथं तर आत्तापासून घरात दुसरा विषयच नाही. सासूबाई म्हणतात अंबील पातळ पाहिजे, चुलत सासूबाई म्हणतात घट्टच पाहिजे, दोघी मला वेगवेगळं बाजूला घेऊन शिकवतात आणि दोघीही शेवटी म्हणतात "तिचं ऐकू नको". शेतात चाळीस-पन्नास माणूस जेवायला असणार म्हणे. मिस्टरांना विचारलं तर म्हणतात त्यात काय अवघड आहे, सगळं एकात टाकायचं आन हलवायचं. काय करू?
(एक नवी सून, जि. लातूर)

उत्तर : पहिल्यांदा मिस्टरांना तुरीच्या शेंगा सोलायला बसव. भज्जीत हलवायचं काम अर्ध्या तासाचं आहे, खरं काम सोलायचं आहे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वालाचे दाणे, ओला हरभरा, हे पन्नास माणसाला पुरेल एवढं सोलायचं म्हणजे आदल्या दिवशी दुपारपासून घरातली सगळी बोटं लागतात, आणि तेवढ्यात गडीमाणसं बरोब्बर गायब होतात, कुणाला पान आणायचं असतं, कुणाला मोटारीचा फ्यूज बघायचा असतो. ह्या वर्षी नवीन सुनेचा मान म्हणून तू सगळ्यांसमोर, सासऱ्यांच्या देखत, एक टोपलं मिस्टरांच्या पुढ्यात ठेव. सासऱ्यांच्या देखत ते उठून जाणार नाहीत.

आता भज्जीचं. सोललेले दाणे आणि भिजवलेले शेंगदाणे आधी शिजवून घ्यायचे, मग गाजर, वांगी, मेथी, पालक, कांद्याची पात जे रानात आहे ते टाकायचं, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची-लसणाचं वाटण, आणि सगळ्यात शेवटी ताकात कालवलेलं बेसन हळूहळू सोडत हलवायचं. बेसन एकदम ओतलं की गोळे होतात, आणि पन्नास माणसाच्या पातेल्यातले गोळे फोडत बसायला त्या पहाटे कुणालाच वेळ नसतो. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, ते तुझ्या दोन्ही सासूबाईंना डोळे झाकून येतं, तिथं तू नुसतं बघ आणि हाताखाली राहा.

अंबिलाचं भांडण माझ्या मते सुटण्यासारखं आहे. ज्वारीचं पीठ दोन दिवस आधी भिजवून आंबवायचं, शिजवायचं, आणि मडक्यात घट्टच ठेवायचं. ताक वेगळ्या घागरीत न्यायचं. जिरं, लसूण, मीठ ठेचून एका वाटीत. शेतात गेल्यावर ज्याला पातळ पाहिजे त्यानं ताक जास्त घालायचं, ज्याला घट्ट पाहिजे त्यानं कमी. घट्टाचं पातळ करता येतं, पातळाचं घट्ट होत नाही, एवढं एकच कारण दोघींपुढं मांड. चुलत सासूबाईंना वाटंल त्यांचं ऐकलं, सासूबाईंना त्यांच्या मनासारखा पेला मिळंल.

आणि तू पहिल्यांदा जातेयस म्हणून सांगते, मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं शहरंसुद्धा ओस पडतात, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळी माणसं शिवारात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, पूजा झाली की पिकावर अंबील शिंपडतात आन मग पंगत. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस असला तरी हाक मारून जेवायला बसवायचा, ज्याला शेत नाही त्याला तर आधी बोलवायचं. दुपारी पोरीबाळी झाडाला बांधलेल्या झोक्यावर, गडीमाणसं कोपीच्या सावलीत घोरत, आणि संध्याकाळी पेंढीचा हेंडगा पेटवून पिकाभोवती पळत ओरडायचं. पोरांच्या मागं पळ तू पण, नवी सून म्हणून बांधावर उभी राहू नको.

एक गोष्ट मात्र मी दरवर्षी सांगते आणि परत सांगते. ज्या बायकांनी रात्र जागून हे सगळं रांधलं त्या शेतात शेवटच्या पंगतीला, गार भज्जी आणि उरलेल्या उंड्यावर, हे मला अजिबात पटत नाही. निदान एका पंगतीला गड्यांनी वाढावं आणि बायकांनी बसून जेवावं. वाढायला काही शिकावं लागत नाही, त्याला फक्त उठावं लागतं.

प्रश्न : ताई, आमचं गाव माळेगावपासून लांब नाही. मालक दरवर्षी जत्रेला "नुस्तं बघून येतो" म्हणून जातात. एका वर्षी बैलाच्या घुंगरमाळा घेऊन आले, बैल आम्ही त्याच्या आधीच विकले होते. मागल्या वर्षी तट्टू घेऊन आले. घरात त्याच्यावर बसणारं कुणी नाही, मालकाची कंबर दुखते. सासूबाई मला कधी चहा घेतलास का म्हणत नाहीत पण तट्टाला सकाळ-संध्याकाळ गूळभाकर घालतात आन त्याच्याशी बोलत बसतात. आता यंदा मालक म्हणूलालेत की तट्टाला करमत नाही, जोडी पाहिजे. कसं अडवू?
(एक वाचक, लोहा तालुका, जि. नांदेड)

उत्तर : अडवू नका, सोबत जा. माळेगावच्या खंडोबाची जत्रा येळवसच्या आदल्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, (बघा, सोलायचं काम आणि जत्रा एकाच दिवशी कसे येतात), आणि तिथं घोडे, गाढवं, उंट, बैल, कुस्त्यांचा फड, लावणी, घोंगड्या, काय नाही ते असतं. एवढं सगळं दरवर्षी हाकेच्या अंतरावर असताना तुम्ही घरात आणि मालक एकटेच तिकडं, हेच मला आधी खटकलं. पैशाचं पाकीट तुमच्याकडं ठेवा, मालकाच्या खिशात चहापुरतं द्या, आणि दोघं मिळून मनसोक्त फिरा. येळकोट म्हणा, भंडारा उधळा, बांगड्या घ्या.

तरीपण जनावर घ्यायचंच ठरलं तर दात बघून घ्या. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षापासून पडायला लागतात, मधली जोडी आधी, मग साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. म्हणजे कुणी पुरं तोंड दाखवून "तीन वर्षाचं आहे" म्हणालं तर तिथून निघा. उभ्या घोड्यावर भाळू नका, कडक जमिनीवर सरळ चालवून बघा, मग वळवून चालवा, लंगडत असलं तर डोकं खालीवर होताना दिसतं.

आता घरचं तट्टू. सासूबाईंची माया मला समजते पण रोज दोन वेळा गूळभाकर त्याला सोसणार नाही, घोड्याचं पोट नाजूक असतं, पोटशूळ उठला तर जीवावर बेततं. गवत आणि कडबा हाच त्याचा मुख्य चारा, भाकर म्हणजे चतकोर, लाडापुरती. धनुर्वाताची लस पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून नक्की द्या, घोड्याला धनुर्वात लवकर होतो आणि खुरात खिळा गेला तरी पुरे. कामाचं म्हणाल तर लग्नसराई आलीच आहे, नवरदेव बसवायला तट्टू शोधत लोक दहा गावं फिरतात, ते शांत असलं आणि डीजेला बुजत नसलं तर स्वतःचा खर्च स्वतः काढंल. पण आधी बुजतं का ते घरी बघा, वरातीत नको.

आणि चहाचं. उद्या सकाळी सासूबाई तट्टापाशी बसल्या की दोन कप चहा घेऊन तिथंच जाऊन बसा. त्या काय बोलतात त्याच्याशी ते ऐका. बऱ्याच गोष्टी त्यांना तुमच्याशीच बोलायच्या असतील.

प्रश्न : आमचे मामंजी दर थंडीत हरभऱ्याची आंब, म्हणजे रानातल्या हरभऱ्यावरचं आंबट दव, धरतात. त्यांना धोतर मागितलं तर म्हणतात माझं धोतर खराब होतं. म्हणून त्यांनी माझ्या माहेरून आलेली नवी कोरी बेडशीट रात्री हरभऱ्यावर पसरली. सकाळी पिळून आणली, बाटली भरली, खूश. दोन धुण्यात बेडशीटला चाळणी झाली. आत्याबाई म्हणतात दवानं कधी कापड फाटतं का, तूच दगडावर आपटलीस. खरं कुणाचं?
(सेलू तालुका, जि. परभणी)

उत्तर : खरं तुमचं. आणि मामंजींना हे माहिती होतं म्हणूनच त्यांनी धोतर वाचवलं.

हरभऱ्याच्या पानावर, घाट्यावर बारीक केसं असतात आणि त्यातून आम्ल पाझरतं, मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड. म्हणून तर ढाळे खाताना बोटं आंबट लागतात, आणि हरभऱ्यातून रोज हिंडणाऱ्याच्या पॅन्टचे पाय आधी विरतात. रात्री दव पडलं की ते आम्ल दवात उतरतं, वर पसरलेलं कापड ते पिऊन घेतं, सूर्य वर यायच्या आत पिळलं की निघते ती आंब. ती कापडाला खाते. त्यामुळं आंब धरायची तर जुनं, मऊ, पांढरं सुती कापड घ्यायचं, फाटकं धोतर, जुना पंचा, साबणाचा वास न राहिलेलं. धातूच्या भांड्यात अजिबात साठवायची नाही, काचेची बाटली किंवा चिनी मातीची बरणी.

दुसरं जास्त महत्त्वाचं. घाटे अळीसाठी फवारणी झालेल्या हरभऱ्यावरची आंब धरू नका. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात फवारणी नव्हती, आता बहुतेक रानात असते, आणि कापड आम्लाबरोबर ते औषधही टिपून घेतं. घरच्यासाठी बांधाकडचे दोन तास (पिकाच्या ओळी) न फवारता राखून ठेवायला मामंजींना सांगा, त्यांना ते काम आवडंल. अपचनाला, पोट गुबारलं तर पाण्यात थेंब-थेंब घालून घेतात आपल्याकडं, पण ज्याला मुतखडा आहे त्यानं ह्याच्या वाटंला जाऊ नये, ऑक्झॅलिक ॲसिड त्याला चालत नाही, आणि पोटदुखी थांबत नसली तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

बेडशीट मामंजींनी भरून द्यावी. हे मी मनापासून म्हणतेय. माहेरची वस्तू होती, विचारून घ्यायला पाहिजे होती.

प्रश्न : मी सातवीला आहे. आमच्या गल्लीत पोरं विटीदांडू खेळतात. मला घेत नाहीत, म्हणतात पोरींनी गजगे खेळावं. पण मी सगळ्यात लांब टोला मारते. आजी म्हणते खेळ, आई म्हणते हात मोडंल. काय करू?
(एक मुलगी, जि. हिंगोली)

उत्तर : खेळ. ज्याच्याकडं विटीदांडू असतो त्याच्या हातात डाव असतो, म्हणून स्वतःचा कर. बाभळीचं किंवा बोरीचं वाळलेलं लाकूड, दांडू हातभर, विटी वीतभर, दोन्ही टोकं सारखी तासलेली. एक टोक जाड राहिलं की विटी वाकडी उडते. आजीला तासायला बसव, तिला येत असणार, नाहीतर ती खेळ म्हणाली नसती. मग शाळेतल्या चार मैत्रिणी गोळा कर आणि पोरांना सरळ सांग की आम्ही विरुद्ध तुम्ही. वकट, लेंड, मूंड, नाल सगळं मोठ्यानं मोज म्हणजे कुणाला रडी खेळता येणार नाही.

आईची काळजी बरोबर आहे, फक्त हाताची नाही, डोळ्याची. झेलायला उभं राहणाऱ्यांनी लांब थांबायचं, बारक्या पोरांना आधी ओट्यावर बसवायचं आणि मग टोला. रस्त्यावर गाड्या असतील तर खळ्यात खेळा.

प्रश्न : मी नोकरीला पुण्यात, गाव अंबाजोगाई तालुक्यात. मागच्या जानेवारीत ऑफिसचे दहा जण हुरडा खायला आणले होते. अण्णांनी रानातली मालदांडी काढून भाजली. कणसं जून झालेली. लोक चावून चावून थकले, एकाची दाढ दुखायला लागली, आणि अण्णा शेजारी उभं राहून प्रत्येकाला "खा, पचतंय, अजून घ्या" म्हणत होते. आई दिवसभर चुलीपासून आगटीपर्यंत ताटं नेत होती. यंदा परत यायचं म्हणतायत सगळे. अण्णा म्हणतात पुण्याच्या लोकांसाठी काय वेगळी पेरणी करायची का?

उत्तर : हो, वेगळीच करायची. अण्णांना माझा नमस्कार सांगून हे वाचून दाखव.

मालदांडी, म्हणजे मोहोळच्या केंद्रात निवडलेली एम ३५-१, ही भाकरीची आणि कडब्याची ज्वारी आहे, तिच्यासारखी भाकर नाही. कोवळ्यात असताना तिचाही हुरडा होतो पण तिचा दाणा बोंडातून सहज सुटत नाही आणि गोडी बेताची. हुरड्याला गुळभेंडी, सुरती असली वाणं, आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचं परभणी वसंत आहे, दाणा मऊ, गोड, आणि कणीस चोळलं की झरझर सुटतो. ही चार-सहा तासं पेरली की घरापुरतं झालं. आणि सगळं एकदम पेरायचं नाही, आठ-आठ दिवसांनी दोन तासं, म्हणजे हुरडा महिनाभर पुरतो. यंदाची पेरणी तर होऊन गेली, तेव्हा ह्या वर्षी गावात ज्यानं गुळभेंडी पेरली असेल त्याच्याकडनं रीतसर पैसे देऊन कणसं घे. फुकट मागू नको, गोड दाण्यावर पाखरं तुटून पडतात आणि त्या माणसानं महिनाभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलेली असते.

दाणा दाबून बघायचा. दूध निघालं तर लवकर, पिठूळ लागला तर उशीर, मधला चीक असतो तो हुरडा, आणि ती वेळ एका कणसाला जेमतेम आठवडाभर मिळते. म्हणून पुण्याची तारीख आधी ठरवून गावाला फोन करू नको, गावाकडून फोन आला की पुण्याची तारीख ठरव.

आगटी म्हणजे वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून पूर्ण निखारा होऊ द्यायचा. जाळावर भाजलं की बोंडं जळतात आणि आत दाणा कच्चा राहतो. कणसं आरात खुपसायची, धाटाचं टोक हातात, फिरवत राहायचं, वास बदलला की काढायचं आणि गरम असतानाच गोणपाटावर चोळायचं, सुपात पाखडायचं. चोळणाऱ्याचे तळहात भाजतात. म्हणून पहिला घास त्याचा. पाहुण्यांनी प्रत्येकी निदान दोन कणसं स्वतः चोळायची, ऑफिसचा साहेब असला तरी. आणि आईला त्या दिवशी चुलीजवळ जाऊ द्यायचं नाही. लसूण-शेंगदाण्याची, जवसाची चटणी आदल्या दिवशी कुटून होते, दही विरजून होतं, गूळ, गोडीशेव, रेवड्या बाजारातून येतात, ताक मोठ्या घागरीत भरून ठेवता येतं. आईला आगटीपाशी घोंगडी अंथरून बसव, तिच्या हातात गरम हुरडा दे, मग बघ अण्णा कुणाला "अजून घ्या" म्हणतात.

अजून एक, कणसं काढलेली धाटं गुरांना घालता येतात, पण तुटलेल्या बुडख्याला जे कोवळे फुटवे येतात त्यात गुरं सोडू नका. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक ॲसिड तयार होतं आणि गाय तासाभरात आडवी होते. हुरड्याच्या नादात हे विसरतं, म्हणून सांगितलं.

प्रश्न : आमचे हे रोज रात्री पारावर शेकोटीला बसतात ते अकरा वाजेपर्यंत. घरी येतात तेव्हा धुराचा वास, पाय बर्फ, आणि तेच पाय माझ्या वाकळीत. जळणाला पण आमच्याच कापसाच्या पळाट्या जातात. काल तर बाजेचा तुटका पाय जाळला, तो मी सुताराकडं न्यायचा म्हणून ठेवला होता.
(जि. जालना)

उत्तर : पळाट्यांचा हिशेब साधा आहे, जो शेकायला येईल त्यानं काखेत चार पळाट्या नाहीतर तुराट्या घेऊन यायचं, रिकाम्या हातानं येईल त्यानं धुराच्या बाजूला बसायचं. हे पारावर कुणीतरी बोलून दाखवायला पाहिजे, तुम्हीच जाऊन बोला. जाताना शेजारच्या दोघी-तिघींना घ्या आणि बसाच तिथं, पार काही गड्यांच्या नावावर नाही. गावातल्या निम्म्या बातम्या तुम्हाला दुसऱ्या दिवशी शिळ्या मिळतात त्या तिथंच ताज्या ऐकायला मिळतील. पोरं सायकलचं टायर किंवा प्लास्टिक टाकत असतील तर तेवढं मात्र कडक बोलून बंद करा, त्या धुरानं म्हाताऱ्या माणसांचा दमा उठतो.

घरी आल्यावर पाय गरम पाण्यानं धुतल्याशिवाय वाकळीत यायचं नाही. बंबात तेवढं पाणी राहू द्या, पण ते काढून आणायचं त्यांनी. आणि बाजेचा पाय नवीन बसवून होईपर्यंत त्या बाजेवर त्यांनाच झोपू द्या.